सर्वसाधारण सभेत विषय मंजूर करून घ्यायचा कसा? नव्या नगरसेवकांसाठी पायरीपायरीने

महापालिकेच्या सभागृहात पहिल्यांदा बसणारे बरेच नगरसेवक भाषणाची तयारी करून येतात. विषय मात्र भाषणावाचून क्वचितच अडतो. तो अडतो तेव्हा कारणं वेगळी असतात. नोटीस एक दिवस उशिरा गेलेली असते, खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षकातून (खर्चाच्या सदरातून) करायचा ते लिहिलेलं नसतं, जो विषय स्थायी समितीकडे जायला हवा तो सर्वसाधारण सभेपुढे आलेला असतो, किंवा मंजूर झालेल्या ठरावाचा अंतिम मजकूर कोणी वाचलेलाच नसतो. २०२२ पासून, काही शहरांत तर २०२० पासून, कारभार प्रशासकांकडे होता. त्यामुळे शेजारच्या बाकावरून हळूच समजावून सांगणारे जुने सदस्यही आता कमी आहेत. म्हणून हा लेख.

इथलं सगळं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली येणाऱ्या शहरांना लागू आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, नगरपरिषदांना १९६५ चा. तिथली चौकट मिळतीजुळती असली तरी मुदती आणि अधिकार वेगळे आहेत, त्यामुळे इथले आकडे तिथे जसेच्या तसे वापरू नका. १९४९ च्या कायद्यात सभेच्या कामकाजाचे नियम शेवटी जोडलेल्या अनुसूची ‘ड’ मधल्या दुसऱ्या प्रकरणात आहेत. थोडीच पानं आहेत. ती छापून घ्या आणि सभेला जाताना जवळ ठेवा.

टप्पा १ : विषय कोणाच्या अखत्यारीतला, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, पाण्याचा कमी दाब ही क्षेत्रीय कार्यालयाची कामं आहेत. ती सभेत मांडली की टाळ्या मिळतात, पण उत्तर एकच येतं : ‘माहिती घेऊन कार्यवाही करू.’ अशी तक्रार लेखी द्या, तिचा आवक क्रमांक घ्या आणि प्रभाग समितीत पाठपुरावा करा.

अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या कामाची निविदा आणि कंत्राट हा स्थायी समितीचा प्रांत. तिचे सदस्य १६ असतात आणि ती साधारणपणे दर आठवड्याला बसते. म्हणून तिथला विषय सर्वसाधारण सभेपेक्षा लवकर मार्गी लागतो. तुम्ही तिचे सदस्य नसाल तर सदस्य असलेल्या सहकाऱ्याला आधी गाठा.

सर्वसाधारण सभेपुढेच न्यावे लागणारे विषय वेगळे. महापालिकेची जागा किंवा इमारत विकणं, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देणं (कलम ७९), करांचे दर, अंदाजपत्रक, नवं धोरण, नवी पदं हे त्यातले मुख्य. विकास आराखड्यातलं आरक्षण (एखादी जागा मैदान, शाळा अशा कामासाठी राखून ठेवणं) बदलायचं असेल तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लागतं. तिथे सभेची मंजुरी ही फक्त सुरुवात असते. त्यानंतर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि अंतिम मान्यता राज्य सरकारची असते. ‘सभेने आरक्षण उठवलं’ असं लोकांना सांगून टाकू नका.

तपासा : आपल्या विषयाला (अ) पैसा लागणार का, (आ) जागा लागणार का, (इ) शासनाची मान्यता लागणार का? तिन्हींची उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा २ : तारखा उलट्या मोजा

महिन्यातून किमान एक साधारण सभा व्हावी, आणि ती २० तारखेच्या आत व्हावी, अशी तरतूद आहे. सभेची नोटीस सर्वसाधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघते. तातडीच्या कारणासाठी, कायद्यात सांगितलेल्या रीतीने लेखी मागणी आली, तर तीन पूर्ण दिवसांची नोटीस चालते. अंदाजपत्रकाच्या सभेला ही सवलत नाही.

‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस दिल्याचा दिवस धरत नाहीत आणि सभेचा दिवसही धरत नाहीत. सभा २० तारखेला असेल तर सात पूर्ण दिवस म्हणजे १३ ते १९. म्हणजे तुमचा कागद १२ तारखेला नगरसचिवांच्या (सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात पोचलेला हवा. तीन पूर्ण दिवसांसाठी शेवटची तारीख १६. नवे सदस्य १३ आणि १७ तारीख धरून बसतात, आणि विषय एका महिन्याने पुढे जातो.

या दोन मुदती कशासाठी, तेही नीट लक्षात ठेवा :

* आयुक्तांना प्रश्न विचारायचा असेल (कलम ४४), तर सात पूर्ण दिवस आधी लेखी नोटीस.
* कार्यपत्रिकेवर (सभेपुढच्या विषयांच्या यादीवर) नसलेला विषय किंवा प्रस्ताव आणायचा असेल, तर तीन पूर्ण दिवस आधी लेखी नोटीस. मग नगरसचिव तो पुरवणी कार्यपत्रिकेत घेतात.

इशारा : शेवटच्या दिवशी संध्याकाळी कागद नेऊ नका. कार्यालय बंद झालं, टपाल घेणारा जागेवर नव्हता, अशा कारणांवर भांडून महिना परत मिळत नाही. एक दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे नोटीस नव्हे. नगरसेविकेच्या वतीने घरच्या कोणी केलेली सही किंवा फोनवरचा निरोपही चालत नाही. सही सदस्याचीच हवी.

टप्पा ३ : कार्यपत्रिका वाचायची कशी

कार्यपत्रिका हातात आली की बहुतेक जण आपल्या प्रभागाचं नाव शोधतात आणि बाकीची बाजूला ठेवतात. मतदान मात्र तुम्ही सगळ्या विषयांवर करणार असता, आणि शहराचं भलं-बुरं त्या बाजूला ठेवलेल्या विषयांतच असतं.

नुसतं शीर्षक वाचून थांबू नका. ‘मौजे अमुक येथील सर्व्हे क्रमांक तमुक बाबत’ एवढ्या शीर्षकाखाली मैदानाचा एक कोपरा देऊन टाकण्याचा विषय असू शकतो. सोबतचा गोषवारा (विषयाचा सारांश), खातेप्रमुखाचा अभिप्राय, नकाशा आणि स्थायी समितीची शिफारस या क्रमाने वाचा. अभिप्राय आणि शिफारस जुळत नसतील तर त्या विषयावर खूण करा. कोणी तरी प्रशासनाचं म्हणणं बाजूला ठेवलेलं आहे, आणि त्याचं कारण तुम्हाला कळलं पाहिजे.

काही शब्द आणि आकडे दिसले की तिथे थांबा.

‘कार्योत्तर मान्यता’ म्हणजे काम होऊन गेलंय, आता तुमची संमती मागतायत. ‘६७(३)(क)’ म्हणजे आयुक्तांनी तातडीचे अधिकार वापरून खर्च केलाय. ‘५(२)(२)’ दिसलं तर काम निविदा न मागवता दिलंय किंवा द्यायचंय. अनुसूची ‘ड’ मधल्या पाचव्या प्रकरणातली ही तरतूद आहे. हे तिन्ही प्रकार आपोआप चुकीचे ठरत नाहीत. पुरात वाहून गेलेल्या पुलाला निविदेची वाट पाहता येत नाही. पण तातडी खरी होती का, हे विचारण्याची जागा हीच. ‘वर्गीकरण’ असेल तर एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवले जातायत. कोणत्या कामाचे काढले, ते शोधा. ते तुमच्याच प्रभागातलं असू शकतं.

‘संलग्न कागद नगरसचिव कार्यालयात पाहण्यास उपलब्ध’ असं लिहिलेलं असेल तर जाऊन पाहाच. तिथे जाणारे सदस्य मोजकेच असतात, आणि सभागृहात त्यांचंच म्हणणं टिकतं.

टप्पा ४ : प्रस्ताव लिहिणं

इथे मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण सभेत मंजूर होतो तो मजकूर. त्यामागचा तुमचा हेतू कागदावर उतरला नसेल तर तो मंजूर झालेला नसतो.

समजा, प्रभागातला महापालिकेचा दवाखाना दुपारी बंद होतो आणि मजुरी करणाऱ्या लोकांना त्याचा उपयोग होत नाही. नेहमी येणारा प्रस्ताव असा असतो :

‘प्रभागातील दवाखान्याची दुरवस्था झाली असून नागरिकांची गैरसोय होत आहे. तरी आयुक्तांनी योग्य ती कार्यवाही करावी.’

हा एकमताने मंजूर होईल आणि काहीही घडणार नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे काय, ते ठरवायचा अधिकार तुम्ही प्रशासनाला देऊन टाकला. आता हा मजकूर पाहा :

‘प्रभाग क्रमांक अमुक मधील मनपा दवाखान्यात सोमवार ते शनिवार सायंकाळी ५ ते ९ या वेळेत बाह्यरुग्ण सेवा सुरू करण्यास, त्यासाठी एक वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता मानधनावर घेण्यास, येणारा खर्च आरोग्य विभागाच्या अमुक अंदाजपत्रकीय शीर्षकातून करण्यास, आणि सेवा सुरू झाल्याचा अहवाल तीन महिन्यांत सभेपुढे ठेवण्यास मान्यता देण्यात येत आहे.’

जागा, वेळ, माणसं, पैसा, मुदत. पाचही गोष्टी आहेत, त्यामुळे पुढच्या टेबलावर फाइल परत पाठवायला सबब उरत नाही. मानधनावर माणसं घेणं आणि कायम पदं निर्माण करणं यांतला फरकही ध्यानात असू द्या. कायम पदांचा विषय आकृतीबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) जातो, शासनाकडे जातो आणि लांबतो.

अंदाजपत्रकीय शीर्षक अंदाजाने लिहू नका. लेखा विभागात जाऊन शीर्षकाचा क्रमांक, मूळ तरतूद आणि आजवरचा खर्च विचारा. तरतूद संपलेली असेल तर प्रस्तावातच वर्गीकरण सुचवा, किंवा पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद करण्याची मागणी लिहा. त्यासाठीही वेळ पाळावी लागते. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंदाजपत्रकाचा आराखडा त्याच सुमारास आकार घेतो. मार्च उजाडल्यावर मागणी करणाऱ्याला जे उरलं असेल तेच मिळतं.

प्रस्तावाला सूचक (मांडणारा) आणि अनुमोदक (पाठिंबा देणारा) लागतात. अनुमोदक शक्यतो दुसऱ्या प्रभागातला घ्या. जमलं तर दुसऱ्या पक्षातला. शहरभर उपयोगी पडेल असा विषय असेल तर असा अनुमोदक मिळतोच.

इशारा : चार सदस्यांच्या प्रभागात एकाच रस्त्यासाठी किंवा उद्यानासाठी चौघांचे चार प्रस्ताव येतात. लांबी वेगळी, नावं वेगळी, शीर्षकंही वेगळी. मग प्रशासन चारही ‘एकत्रित तपासणीसाठी’ ठेवतं. लिहिण्याआधी उरलेल्या तिघांना फोन करा आणि एकच प्रस्ताव चौघांच्या सह्यांनी द्या. श्रेयाचा प्रश्न सूचक-अनुमोदकांची नावं ठरवतानाच मिटवा.

इशारा : विषयात तुमचा, भागीदाराचा किंवा तुमच्या व्यवसायाचा आर्थिक संबंध असेल तर त्या चर्चेत भाग घेऊ नका आणि मतही देऊ नका. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणं हे सदस्यत्व जाण्याचं कारण ठरू शकतं.

टप्पा ५ : आधी प्रश्न, मग प्रस्ताव

कलम ४४ खालचा प्रश्न हे नव्या सदस्याच्या हातातलं सर्वांत कामाचं साधन, आणि त्याचा वापर फार कमी होतो. ‘दवाखान्याकडे दुर्लक्ष का केलं?’ हा प्रश्न नाही, आरोप आहे, आणि तो नाकारला जाऊ शकतो. त्याऐवजी विचारा : मागच्या तीन वर्षांत या दवाखान्यावर वर्षनिहाय किती खर्च झाला? वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? रोज सरासरी किती रुग्ण तपासले जातात?

उत्तर लेखी येतं आणि ते प्रशासनाचं अधिकृत म्हणणं असतं. पुढच्या महिन्यात त्याच उत्तराच्या आधारे प्रस्ताव आणा. त्या आकड्यांना मग कोणी ‘तपासून पाहू’ म्हणू शकत नाही. घाई नसेल तर हा एक महिना वाट पाहण्यासारखाच आहे.

टप्पा ६ : सभेच्या आदल्या दोन दिवसांत

गटनेत्याला विषय दोन वाक्यांत सांगा. पक्षाचा व्हीप (कसं मत द्यायचं याचा आदेश) निघणार का, ते लेखी विचारा. व्हीपच्या विरोधात मत दिलं किंवा गैरहजर राहिलात तर स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ खाली सदस्यत्वावर गदा येऊ शकते.

संबंधित खातेप्रमुखाला भेटा आणि सरळ विचारा, ‘साहेब, या प्रस्तावात अडचण काय येईल?’ सभागृहात ते जो आक्षेप घेणार असतात तो आदल्या दिवशी सहसा सांगून टाकतात, आणि मजकुरातला एखादा शब्द बदलून तो मिटवता येतो.

मतांची बेरीज करताना स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) सदस्य धरू नका. ते चर्चा करू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

नागरिकांना सोबत आणायचं असेल तर त्यांना आधीच नीट सांगा. सभा लोकांसाठी खुली असते, प्रेक्षक सज्जात बसून ती पाहता येते, पण तिथून बोलता येत नाही. घोषणा दिल्या तर सज्जा रिकामा करायला सांगतात आणि दिवसभर चर्चा त्या घोषणांचीच होते. त्यांचं म्हणणं निवेदनाच्या रूपात तुमच्या प्रस्तावाला जोडा.

टप्पा ७ : सभागृहात

वेळेआधी पोचा आणि हजेरीपटावर सही करा. इतिवृत्तात (सभेच्या अधिकृत नोंदीत) हजर सदस्यांची नावं जातात.

सुरुवातीला शोकप्रस्ताव असतो. काही महापालिकांत श्रद्धांजलीनंतर सभाच तहकूब करायची प्रथा आहे. तसं झालं तर तहकूब सभेची तारीख आणि वेळ पीठासीन अधिकाऱ्यांकडून (सभा चालवणाऱ्यांकडून, सहसा महापौरांकडून) तिथेच ऐकून घ्या. तहकूब सभेला नव्याने सात दिवसांची नोटीस निघेल, या भरवशावर राहू नका.

मग मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो. तो काही सेकंदांत संपतो आणि बहुतेकांचं लक्ष तोवर बाकावर बसण्यातच असतं. तुमच्या मागच्या ठरावाचा मजकूर चुकीचा उतरला असेल तर दुरुस्ती सांगायची हीच वेळ. इतिवृत्त एकदा कायम झालं की तोच मजकूर खरा धरला जातो.

तुमचा विषय पुकारला गेला की क्रम असा ठेवा : आधी प्रस्ताव जसाच्या तसा वाचा, मग एका मिनिटात कारण, मग प्रशासनाच्या उत्तरातला एक आकडा, आणि खाली बसा. लांबलेल्या भाषणामुळे विरोधकाला मुद्दे मिळतात. कोणी मध्येच अडवलं तर त्याच्याशी वाद घालू नका, महापौरांकडे पाहून बोला. हरकतीचा मुद्दा फक्त नियम मोडला जात असेल तेव्हाच घ्या, आणि कोणता नियम ते सांगा. सारखा हरकतीचा मुद्दा घेणाऱ्याचं पुढे कोणी ऐकत नाही.

उपसूचनांकडे (मूळ प्रस्तावात सुचवलेल्या बदलांकडे) डोळ्यांत तेल घालून पाहा. मूळ विषय दवाखान्याचा आणि उपसूचनेत भलत्याच रस्त्याचं काम, असं घडतं. घाईत ती ‘उपसूचनेसह मान्य’ होते आणि विसंगत उपसूचनेपायी तुमचा मूळ ठरावही अडकतो. कोणी उपसूचना दिली की ती मोठ्याने वाचायला लावा. मान्य नसेल तर ‘सूचक म्हणून मला ही उपसूचना मान्य नाही’ असं स्पष्ट म्हणा, म्हणजे तिच्यावर वेगळं मत घ्यावं लागेल. स्वतः उपसूचना देणार असाल तर लेखी, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसह द्या.

मत आधी आवाजी किंवा हात वर करून घेतात. निकाल पटला नाही तर मतमोजणीची, म्हणजे ‘पोल’ची, मागणी निकाल जाहीर झाल्याझाल्या करायची. पुढचा विषय पुकारला गेला की संधी गेली. समसमान मतं पडली तर पीठासीन अधिकाऱ्यांना निर्णायक मत असतं.

गणपूर्तीचंही (सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीचंही) भान ठेवा. संख्या कमी आहे हे कोणी लक्षात आणून दिलं की सभा तहकूब करावी लागते. संध्याकाळी बाकं रिकामी होऊ लागतात आणि तुमचा विषय कार्यपत्रिकेच्या शेवटी असतो. आपल्या बाजूच्या सदस्यांना ‘माझा विषय होईपर्यंत थांबा’ असं आधीच सांगून ठेवा. आणि विषय पुकारला जाईल त्या क्षणी तुम्ही स्वतः बाहेर पत्रकारांशी बोलत उभे राहू नका. सूचक जागेवर नसल्याने पुढे ढकललेले विषय कमी नाहीत.

इशारा : विषय ‘दप्तरी दाखल’ झाला तर तो संपला. ‘तहकूब’ झाला तर तो जिवंत आहे. महापौरांनी नेमका कोणता शब्द उच्चारला ते लिहून ठेवा. सभात्याग करायचा विचार असेल तर आधी पाहा, तुमच्या जाण्याने समोरच्याचा विषय बिनविरोध मंजूर तर होत नाही ना? विरोध नोंदवायचा तर थांबून विरोधी मत द्या आणि नाव इतिवृत्तात घ्यायला सांगा.

टप्पा ८ : मंजुरीनंतरची कामं

दोन-चार दिवसांत नगरसचिव कार्यालयात जाऊन ठरावाचा मसुदा पाहा. इतिवृत्त पाहण्याचा अधिकार सदस्याला आहे आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. तुमच्या प्रस्तावातला मजकूर आणि ठरावातला मजकूर ओळीशी ओळ लावून वाचा. ‘तीन महिन्यांत’ हे शब्द गळले असतील, ‘सायंकाळी ५ ते ९’ चं ‘सोयीच्या वेळेत’ झालं असेल, तर तिथेच लेखी कळवा. मग ठराव क्रमांक आणि तारखेसह प्रमाणित प्रत घ्या. यापुढच्या प्रत्येक पत्रात तो क्रमांक पहिल्या ओळीत असला पाहिजे.

ठराव झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो सहजासहजी फिरवता येत नाही. त्यासाठी रीतसर नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून कमी नाही इतका पाठिंबा लागतो. तेव्हा तुमच्या ठरावाविरुद्ध कोणी पुढच्याच सभेत विषय आणला तर आधी तारीख मोजा. शासन मात्र कलम ४५१ खाली ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. कायद्याच्या पलीकडे गेलेले, जागा कवडीमोलाने देणारे ठराव त्या वाटेने जातात, त्यामुळे टप्पा १ मधली पडताळणी इथेही उपयोगी पडते.

त्यानंतर फाइल चालते ती अशी : ठराव, मग खात्याचं पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा, गरज असेल तिथे स्थायी समिती, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश). दवाखान्यासारख्या विषयात निविदेऐवजी मुलाखती होऊन नेमणुकीचे आदेश निघतात. प्रत्येक थांब्यावर फाइल कोणत्या टेबलावर आहे ते महिन्यातून दोनदा विचारा आणि वहीत तारीख टाका. दोन महिने ती एकाच टेबलावर असेल तर पुन्हा कलम ४४ चा प्रश्न द्या : ‘ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, याची अंमलबजावणी आज कोणत्या टप्प्यावर आहे आणि विलंबाचं कारण काय?’ सात पूर्ण दिवस मोजून.